मायलोफायब्रोसिसची शंका आणि अर्धेच अहवाल हातात: कोणता आकडा काय सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६१. काही महिन्यांपासून थकवा आहे, दोन घास खाल्ले की पोट भरतं, वजन थोडं उतरलंय. हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी १८,२००, प्लेटलेट ५.६ लाख, एलडीएच (पेशींमधलं एक एन्झाइम) ६४०, त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा २५०. सोनोग्राफीत प्लीहा, म्हणजे पाणथरी, १७ सेंटिमीटर. स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरून पाहिलेल्या रक्ताच्या, अहवालात 'ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक पिक्चर, टिअर ड्रॉप पेशी, ब्लास्ट १ टक्का'. जॅक-२ पॉझिटिव्ह, ३८ टक्के. बीसीआर-एबीएल निगेटिव्ह. बोन मॅरो करताना 'ड्राय टॅप' झाला. बायोप्सीचा तुकडा गेला आहे. त्याचा आणि क्रोमोसोमच्या तपासणीचा अहवाल यायचा आहे. डॉक्टर म्हणाले, 'बहुधा मायलोफायब्रोसिस, पण बायोप्सी येऊ दे.' मायलोफायब्रोसिस म्हणजे हाडांच्या आतल्या, रक्त बनवणाऱ्या मज्जेत तंतूंचं जाळं वाढण्याचा आजार. तुम्ही विचारता की ब्लास्ट दिसले म्हणजे ल्युकेमिया झाला का, आणि एवढं सगळं पॉझिटिव्ह असताना निदान का सांगत नाहीत.

आधी उत्तरं देते. या आकड्यांवरून ल्युकेमिया म्हणता येत नाही. आणि या आजाराचं निदान एका चाचणीवर होत नाही. जिच्यावाचून ते पक्कं होत नाही, नेमकी तीच चाचणी बाकी आहे. डॉक्टर काही लपवत आहेत असा अर्थ त्यातून काढू नका. मी आईंना तपासलेलं नाही, त्यांची काचही पाहिलेली नाही. त्यामुळे असे आकडे समोर आले की आम्ही कोणत्या क्रमाने विचार करतो, तेवढंच इथे सांगते.

ब्लास्टपासून सुरुवात करू, कारण झोप त्यानेच उडाली आहे. ब्लास्ट म्हणजे मज्जेतली सर्वांत अपक्व पेशी. निरोगी माणसाच्या मज्जेतही ब्लास्ट असतात, ५ टक्क्यांच्या आत. फिरत्या रक्तात ते सहसा दिसत नाहीत, म्हणून एक दिसला तरी अहवालात लिहावा लागतो. अक्यूट ल्युकेमिया म्हणायला साधारणपणे रक्तात किंवा मज्जेत २० टक्के ब्लास्ट लागतात. मायलोफायब्रोसिसमध्ये ते १० ते १९ टक्के असले तर आजार वेग घेतोय असं मानतात. १ टक्का या दोन्हींपासून लांब आहे. मज्जेत तंतूंचं जाळं वाढलं की अपक्व पेशी तिथे नीट धरून ठेवल्या जात नाहीत, शिवाय प्लीहेतही रक्त तयार होऊ लागतं. त्यामुळे या आजारात थोडे ब्लास्ट रक्तात उतरणं नेहमीचंच आहे.

हा आकडा येतो कसा, तेही पाहा. तंत्रज्ञ किंवा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सहसा १०० पांढऱ्या पेशी मोजतात. शंभरात एक ब्लास्ट सापडला, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरं प्रमाण जवळजवळ शून्यापासून ५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणून अशा रुग्णात २०० पेशी मोजाव्यात असा संकेत आहे. पुढच्या अहवालात २ टक्के आले तर 'दुप्पट झाले' म्हणून घाबरू नका, आणि शून्य आले तर आजार ओसरला असंही समजू नका. एकाच प्रयोगशाळेत ठरावीक अंतराने केलेल्या तपासण्या ओळीने मांडल्या की दिशा दिसते. आकडा एकदम ६, ८, १० असा आला तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणखी एक: सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या, यंत्राने छापलेलं 'ब्लास्ट?' हे नुसतं इशाऱ्याचं चिन्ह असतं. डोळ्यांनी काच पाहून कुणीतरी पेशी मोजल्या असतील, तरच तो आकडा धरायचा.

'ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक' हा शब्द ल्युकेमियासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की रक्तात अपक्व पांढऱ्या पेशी आणि केंद्रक असलेल्या अपक्व लाल पेशी दोन्ही दिसत आहेत. जोडीला टिअर ड्रॉप, म्हणजे एका टोकाला निमुळत्या झालेल्या लाल पेशी. तंतूंनी भरलेल्या मज्जेतून आणि वाढलेल्या प्लीहेतून वाट काढताना त्यांचा आकार असा ओढला जातो. हे तिन्ही एकत्र दिसले की मायलोफायब्रोसिस यादीत सर्वांत वर जातो. पण यादीत तो एकटा नसतो. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर मज्जेत पसरला, क्षयरोग मज्जेत गेला, तीव्र जंतुसंसर्ग झाला, लाल पेशी झपाट्याने फुटू लागल्या किंवा अचानक मोठा रक्तस्राव झाला, तरी असंच चित्र दिसू शकतं. जॅक-२ पॉझिटिव्ह असल्याने तुमच्या बाबतीत या इतर शक्यता बऱ्याच मागे पडतात. त्या पूर्णपणे काढून टाकायचं काम बायोप्सीचं.

इथे पांढऱ्या पेशींच्या आकड्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, कारण घरच्यांचा गोंधळ इथे नेहमी होतो. केंद्रक असलेल्या लाल पेशींना काही यंत्रं पांढऱ्या पेशी समजून मोजतात. अहवालात 'एनआरबीसी १२ प्रति १०० डब्ल्यूबीसी' असं काही लिहिलं असेल, तर पांढऱ्या पेशींचा आकडा सुधारून घ्यावा लागतो: मूळ आकडा गुणिले १००, भागिले (१०० अधिक एनआरबीसी). म्हणजे १८,२०० चे १६,२५० होतात. नवी यंत्रं ही दुरुस्ती आपोआप करतात, जुनी करत नाहीत. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत दीडदोन हजारांचा फरक आला तर आधी हे तपासा. एककांचंही तसंच. एका कागदावर प्लेटलेट ५.६ लाख आणि दुसऱ्यावर ५६० असेल, तर तो एकच आकडा आहे. पहिला एका मायक्रोलिटरमधला, दुसरा एका लिटरमधला, नऊ शून्यं गाळून लिहिलेला.

हिमोग्लोबिन ९.४ हा आजाराचाच परिणाम आहे असं गृहीत धरू नका. निदानाच्या निकषांतही 'दुसऱ्या कारणाने न झालेला ॲनिमिया' असंच म्हटलेलं आहे. लोह, फेरिटिन, बी-१२, फोलेट, क्रिएटिनिन आणि रेटिक्युलोसाइट (नुकत्याच बनलेल्या लाल पेशी) पाहिलेत का, ते विचारा. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, कमी असेल तर लोहाची कमतरता असू शकते, आणि या वयात ती असेल तर रक्त कुठून जातंय हे शोधावं लागतं. बी-१२ खूप जास्त आलं तर चकित होऊ नका. या गटातल्या आजारांत पांढऱ्या पेशी बी-१२ बांधून ठेवणारं प्रथिन जास्त सोडतात, त्यामुळे गोळ्या न घेताही आकडा फुगतो. मात्र लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. जॅक-२ पॉझिटिव्ह रुग्णात लोहाच्या कमतरतेआड पॉलिसायथेमिया, म्हणजे लाल पेशी वाढण्याचा सख्खा भाऊबंद आजार, लपलेला असू शकतो. अशा वेळी लोह मिळालं की रक्त दाट होऊ लागतं आणि गुठळीचा धोका वाढतो.

एलडीएच वाढलेला असणं हा निकषांतला एक गौण मुद्दा आहे. पेशींची उलाढाल जोरात चालू आहे, एवढंच तो सांगतो. नमुना घेताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तरी तो वाढतो, यकृताच्या आणि स्नायूंच्या आजारातही वाढतो. अहवालाखाली 'हिमोलाइज्ड सॅम्पल' अशी नोंद असेल तर पुन्हा करून घ्यावा. पोटॅशियमबाबतही सावध राहा. प्लेटलेट खूप वाढलेल्या असताना नळीत रक्त गोठतं तेव्हा त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि अहवालात ते खोटं वाढलेलं दिसतं. अशा वेळी हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत नमुना घेऊन लगेच तपासला तर खरा आकडा मिळतो. नाहीतर नसलेल्या त्रासावर उपचार होतात.

प्लीहा सोनोग्राफीत साधारण १२-१३ सेंटिमीटरपर्यंत ठीक मानतात. १७ म्हणजे नक्कीच वाढलेली. आईंना दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं त्याचं कारण बहुधा हेच: प्लीहा जठरावर दाबते. डॉक्टरांनी हाताने तपासून डाव्या बरगडीखाली ती किती सेंटिमीटर लागते हे लिहिलंय का, ते पाहा. पुढे औषध लागू पडतंय का हे ठरवताना हाच आकडा कामाला येतो. पहिल्या भेटीत तो लिहिलेला नसला तर तुलनेला काही उरत नाही.

आता जॅक-२. हा जनुक पेशीला वाढण्याचा संदेश पोहोचवणारं प्रथिन बनवतो. त्यातला व्ही६१७एफ हा बदल २००५ साली सापडला. तो असला की संदेश बाहेरून आला नाही तरी पेशी वाढत राहते. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो, तर इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया (प्लेटलेट वाढण्याचा आजार) आणि प्रायमरी मायलोफायब्रोसिस या दोन्हींत साधारण ५० ते ६० टक्के रुग्णांत. या चाचणीने आजाराचं आडनाव कळतं, नाव कळत नाही. घराणं ठरलं: मायलोप्रोलिफरेटिव्ह, म्हणजे मज्जेतल्या मूळ पेशीत झालेल्या बदलामुळे रक्तपेशी जास्त बनण्याचे आजार. त्यातला कोणता, ते मज्जेचा तुकडा सांगेल.

३८ टक्क्यांचा अर्थ 'शरीरात ३८ टक्के कॅन्सर' असा अजिबात नाही. तपासलेल्या पांढऱ्या पेशींतल्या या जनुकाच्या एकूण प्रतींपैकी ३८ टक्के प्रतींत बदल आहे, एवढंच. प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असतात. काही पेशींत एक बदललेली असते, काहींत दोन्ही. त्यामुळे या आकड्यावरून आजार कुठल्या टप्प्यावर आहे हे थेट काढता येत नाही, आणि दर महिन्याला तो तपासून काही हाती लागत नाही. आकडा १ टक्क्याच्या खाली असता तर मी जपून बोलले असते, कारण वय वाढतं तसे असे छोटे बदल आजार नसलेल्या काही माणसांतही सापडतात. ३८ ला ती शंका उरत नाही.

हा बदल जन्मतः आलेला नसतो. आयुष्यात कधीतरी मज्जेतल्या एका पेशीत तो घडतो आणि त्या पेशीची वंशावळ पसरते. म्हणून तुमची, भावंडांची किंवा मुलांची जॅक-२ चाचणी सरसकट करायची गरज नाही. जवळच्या नात्यात आणखी कुणाला याच गटातला आजार असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. जॅक-२ निगेटिव्ह आली असती तर कॅलआर आणि एमपीएल हे दोन जनुक पाहिले असते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: मायलोफायब्रोसिसच्या सुमारे १० टक्के रुग्णांत हे तिन्ही निगेटिव्ह असतात, म्हणून निगेटिव्ह आलं की आजार नाही असं होत नाही.

बीसीआर-एबीएल निगेटिव्ह आलं हे महत्त्वाचं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही प्लीहा वाढते, पांढऱ्या पेशी वाढतात, अपक्व पेशी दिसतात. पण त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत. म्हणून ही चाचणी सगळ्यात आधी करतात. ती झाली आहे, तो दरवाजा बंद झाला.

ड्राय टॅपमुळे 'चाचणी फसली' असं तुम्हाला वाटलं. ते तसं नाही. बोन मॅरोच्या तपासणीचे दोन भाग असतात. कमरेमागच्या हाडातून सुईने पातळ मज्जा ओढतात तो ॲस्पिरेट, आणि हाडासकट मज्जेची बारीक कांडी काढतात ती ट्रेफाइन बायोप्सी. तंतूंचं जाळं दाट असलं की मज्जा ओढली जात नाही. सिरिंज कोरडी राहते, किंवा नुसतं रक्त येतं. मायलोफायब्रोसिसमध्ये हे वारंवार होतं. पण तंतू दिसतात ते कांडीतच, ॲस्पिरेटमध्ये नाही. त्यामुळे ज्या भागावर निदान टेकलेलं आहे, तो तुमच्याकडे आहे. ॲस्पिरेट नसल्याने मज्जेतल्या ब्लास्टची थेट मोजणी हुकते. त्यासाठी कांडीच्या कापांवर सीडी-३४ नावाचं रंजन करतात, म्हणजे ब्लास्ट उठून दिसतील असा रंग देतात, आणि अंदाज घेतात. बायोप्सी अजून प्रयोगशाळेत असतानाच 'ॲस्पिरेट नाही, तर सीडी-३४ करणार का' असं डॉक्टरांना विचारून ठेवा. नंतर करता येतं, पण आठवडा वाढतो.

उशीर का लागतो, हेही समजून घ्या म्हणजे रोज फोन करावासा वाटणार नाही. कांडी आधी फॉर्मलिनमध्ये ठेवून पक्की करतात. मग हाडातलं कॅल्शियम काढून तिला मऊ करावं लागतं, नाहीतर ब्लेडने कापली जात नाही. हे आम्लाने केलं तर लवकर होतं पण डीएनए खराब होतो. ईडीटीएने केलं तर दिवस जास्त लागतात पण पुढच्या तपासण्यांना नमुना चांगला राहतो. त्यानंतर मेणात बसवून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप, नेहमीचं रंजन, मग रेटिक्युलिन या बारीक तंतूंसाठी चांदीचं रंजन, गरज पडली तर कोलॅजन या जाड तंतूंसाठी ट्रायक्रोम, आणि वर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ठरावीक प्रथिनं दाखवणारं रंजन. सगळं नीट चाललं तर पाच ते दहा दिवस. पहिल्या कापांवरून जे दिसतं त्यावर आणखी रंजनं मागवली जातात, त्यामुळे 'अहवाल लांबला' याचा अर्थ 'काहीतरी भयंकर निघालं' असा बहुतेक वेळा नसतो.

क्रोमोसोमच्या तपासणीला दोन-तीन आठवडे धरा, कारण जिवंत पेशी वाढवून त्या विभागत असताना पकडाव्या लागतात. शक्यतो २० पेशी तपासतात. ड्राय टॅपमुळे इथे खरी अडचण येऊ शकते: पेशीच मिळाल्या नाहीत तर 'नो मेटाफेजेस' किंवा 'कल्चर फेल्युअर' असा अहवाल येतो. त्याचा अर्थ क्रोमोसोम नॉर्मल आहेत असा नाही. तपासणी झालीच नाही असा आहे. अशा वेळी, रक्तात अपक्व पेशी असतील तर, रक्ताच्या नमुन्यावरूनही ती करता येते. तुमच्याकडे त्या आहेत, म्हणून हा पर्याय विचारायला हरकत नाही. जनुकांच्या मोठ्या पॅनेलसाठी, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासायला, तर रक्त पुरतं. त्यासाठी पुन्हा हाडात सुई घालावी लागत नाही.

बायोप्सी आली की तीत काय वाचायचं, ते सांगते. पहिली ओळ कांडीच्या लांबीची. दीड सेंटिमीटरहून कमी, चेंगरलेली किंवा नुसत्या हाडाच्या वरच्या थराची असेल, तर पॅथॉलॉजिस्ट 'अपुरा नमुना' म्हणेल आणि कदाचित पुन्हा करावी लागेल. मग मेगाकॅरियोसाइटचं, म्हणजे प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशींचं वर्णन. 'घट्ट पुंजके, गडद आणि वेडीवाकडी केंद्रकं' असे शब्द मायलोफायब्रोसिसकडे नेतात. 'मोठ्या, पूर्ण वाढलेल्या, विखुरलेल्या' असं असेल तर थ्रॉम्बोसायथेमियाकडे. शेवटी तंतूंची श्रेणी: एमएफ-० ते एमएफ-३. ० मध्ये तंतू तुरळक, एकमेकांना न छेदणारे. १ मध्ये सैल जाळं. २ मध्ये दाट, सर्वत्र पसरलेलं. ३ मध्ये त्यात कोलॅजनचे जाड जुडगे आणि बऱ्याचदा हाडही जाड झालेलं. श्रेणी २ किंवा ३ आणि जोडीला त्या पेशींचं तसं रूप असलं की त्याला उघड मायलोफायब्रोसिस म्हणतात. ० किंवा १ असेल तर तंतुपूर्व टप्पा. नुसती श्रेणी मात्र निदान नव्हे, कारण तंतू इतर कारणांनीही वाढतात: हेअरी सेल ल्युकेमिया, ल्युपससारखे आजार, पसरलेला कॅन्सर, क्षय. २०२२ मध्ये या आजारांची दोन वर्गीकरणं आली, जागतिक आरोग्य संघटनेचं आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं. अहवालावर कुठलंही नाव असलं तरी या आजारापुरते दोघांचे निकष जवळपास सारखेच आहेत.

या आठवड्यात तुम्ही करावं असं सर्वांत उपयोगाचं काम म्हणजे जुने सीबीसी शोधणं. पाच, दहा, पंधरा वर्षांपूर्वीचे. एखाद्या शस्त्रक्रियेआधीचे, आरोग्य तपासणीचे, कुठल्याशा तापाचे. तारीख, हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे रकाने करून एका कागदावर मांडा. कारण असं की प्लेटलेट बरीच वर्षं ४.५ लाखांच्या वर असतील, तर आजची तंतुमयता जुन्या थ्रॉम्बोसायथेमियातून आलेली असू शकते. हिमोग्लोबिन पूर्वी १६ च्या वर असेल तर पॉलिसायथेमियातून. कांडी पाहून हा फरक नेहमी कळत नाही, जुन्या कागदावरून कळतो. आणि त्याने निदानाचं नावही बदलतं, पुढचा अंदाज काढायची पद्धतही. पूर्वी पायात किंवा पोटात गुठळी झाली होती का, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर अंगाला खाज सुटायची का, तळपाय लाल होऊन जळायचे का, हेही लिहून ठेवा. माझ्या मते हा एक कागद आणखी दोन रक्ततपासण्यांपेक्षा मोलाचा आहे.

आणि एक काम कृपया करू नका. इंटरनेटवरच्या गणकात आकडे घालून आयुष्यमान काढू नका. उदाहरण तुमच्याच आकड्यांचं देते. गुण मोजून धोक्याचा गट ठरवणाऱ्या डीआयपीएसएस नावाच्या पद्धतीत हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर २ गुण, आणि वय ६५ च्या वर, पांढऱ्या पेशी २५,००० च्या वर, रक्तात ब्लास्ट १ टक्का किंवा जास्त, ताप-घाम-वजन घटण्यासारखी लक्षणं यांना प्रत्येकी १. वजनातली घट वर्षभरात १० टक्क्यांच्या आत आहे असं धरलं तर आईंचे ३ गुण होतात, म्हणजे कमी धोक्यापासून जास्त धोक्यापर्यंतच्या चार गटांपैकी तिसरा. आता तो शंभरातला एक ब्लास्ट काढा: २ गुण, दुसरा गट. हिमोग्लोबिन लोह कमी असल्याने उतरलं असेल आणि ते भरून १० च्या वर गेलं, तर आणखी खाली. एका पेशीच्या मोजणीने गट बदलतो, असा हा हिशेब. निदान पक्कं झालेल्या रुग्णांसाठी तो बनवलेला आहे, आणि आता त्यात क्रोमोसोम व एएसएक्सएल-१, एसआरएसएफ-२ यांसारख्या जनुकांची माहिती घालून आणखी नेमका करतात. मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाचा विचार करायचा का, कधी करायचा, हे त्यावरच बरंचसं ठरतं. पॅनेलच्या अहवालात 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' अशी नोंद असली तर तिच्यावर रात्र घालवू नका. असे बदल बहुतेक वेळा निर्णयात धरले जात नाहीत.

वाट पाहण्याच्या काळात काही लक्षणांना वाट पाहायला लावायचं नाही. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ, विशेषतः श्वास घेताना किंवा डाव्या खांद्यात जाणारी. प्लीहेच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला तर असं होतं. पोट झपाट्याने फुगणं किंवा पोटात न थांबणारी वेदना, कारण जॅक-२ असलेल्यांत यकृताच्या आणि आतड्याच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो. एक पाय सुजणं, छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं. न थांबणारा रक्तस्राव, काळी शौच. यातलं काहीही झालं तर थेट आपत्कालीन विभागात जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'मायलोफायब्रोसिसची शंका आहे, जॅक-२ पॉझिटिव्ह आहे, प्लीहा वाढलेली आहे.'

ॲस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका, आणि आधीपासून चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नका. प्लेटलेट खूप वाढल्या, विशेषतः १० लाखांच्या वर, तर रक्त गोठवणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकाचं काम बिघडतं आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो, ५.६ लाखांना हा धोका कमी, पण निर्णय डॉक्टरांचाच. वेदनेच्या इतर गोळ्यांबाबतही विचारून घ्या. दात काढणं किंवा छोटी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना कळवा. पोटावर मार बसेल असं काम आणि जड वजन उचलणं सध्या टाळा. दोन-तीनदा थोडं थोडं खाणं एका भरल्या ताटापेक्षा आईंना सोपं जाईल. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर घ्या आणि रात्री घामाने कपडे बदलावे लागले तर तारीख लिहा.

पुढच्या भेटीला विचारायचं ते असं: तंतूंची श्रेणी किती, सीडी-३४ वर ब्लास्टचा अंदाज किती, हा आजार मुळातला की जुन्या आजारातून आलेला, क्रोमोसोम मिळाले की नमुना अपुरा पडला, जनुकांचं पॅनेल करायचं का, आणि ॲनिमियाचं दुसरं कारण तपासलं का. उपचार त्याच दिवशी सुरू झाले नाहीत तर गोंधळू नका. त्रास कमी आणि धोका कमी असेल तेव्हा काही काळ नुसतं लक्ष ठेवणं हाही मान्य मार्ग आहे. रुक्सोलिटिनिबसारखं जॅक अडवणारं औषध ठरलं, तर त्याआधी हेपटायटिस बी आणि क्षयाची तपासणी करतात, कारण दबून बसलेला संसर्ग त्या औषधाने डोकं वर काढू शकतो.

दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच करू नका. दुर्मीळ आजारात ते रीतसर आहे आणि चांगले डॉक्टर त्याला विरोध करत नाहीत. फक्त अहवालाची प्रत नेऊन भागत नाही. पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज देऊन बायोप्सीच्या काचा, रेटिक्युलिन रंजनाच्या काचेसकट, आणि मेणाचा ब्लॉक मागा, काचेवरचा क्रमांक अहवालाशी जुळतो का ते तिथेच पडताळा, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यासोबत सीबीसी, जॅक-२ चा अहवाल आणि तुम्ही बनवलेला जुन्या आकड्यांचा कागद द्या.